शंभर ग्रॅमचा हिशेब आणि धूलकोटचा बाजार

गेल्या दहा वर्षांत मांसाहारी मराठी घरांत एका आकड्याचे येणे-जाणे फार वाढले आहे. तो आकडा १७ टक्क्यांचा. इंदूर असो, बडोदा असो की हैदराबाद, रविवारी मटणाचे पातेले चढले की घरातले कोणीतरी, बहुधा नुकतीच तपासणी करून आलेले मामा किंवा महाविद्यालयात जाणारी नात, तो आकडा उच्चारते आणि पंक्तीत जरा वेळ कोणी बोलत नाही. जर तांबड्या मांसाचा दोष खरोखरच सिद्ध झाला, तर रोज खाल्लेल्या दर १०० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका १७ टक्क्यांनी वाढू शकेल, असे ते मूळ वाक्य आहे. छापखान्यातून घरापर्यंतच्या प्रवासात यातला ‘जर’ सर्वांत आधी गळतो, मग ‘रोज’ गळतो, मग ‘१०० ग्रॅम’ गळतात. आणि मागे उरते ते एवढेच, की मटण खाणाऱ्या शंभरांतल्या सतरा जणांस कर्करोग होतो. या सदराकडे ज्यांनी याविषयी विचारणा केली, त्यांपैकी पुष्कळांच्या मनात आकड्याचे हेच शेवटचे रूप ठाण मांडून बसलेले आम्हांस आढळले.

आकडा कोणा भोंदूचा नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली फ्रान्समधील ल्यों या शहरी कर्करोग-संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने ऑक्टोबर २०१५ मध्ये १० देशांतील २२ तज्ज्ञांस एकत्र बसविले. त्यांनी ८०० हून अधिक अभ्यास तपासले आणि निर्णय दिला. हॅम, बेकन, सॉसेज अशा खारवून, धुरी देऊन किंवा रसायने घालून टिकविलेल्या मांसास त्यांनी ‘कर्करोगकारक’ अशा पहिल्या गटात घातले. आणि गाय, म्हैस, डुक्कर, मेंढी, बोकड यांच्या ताज्या मांसास, म्हणजे ज्याला आपण येथे तांबडे मांस म्हणत आहोत त्यास, ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा दुसऱ्या गटात. पहिल्या गटात तंबाखू आहे, ॲस्बेस्टॉस आहे. साहजिकच वर्तमानपत्रांनी सॉसेज आणि सिगारेट शेजारी शेजारी छापली.

वास्तविक हे गट धोक्याच्या आकाराचे नव्हेत, पुराव्याच्या बळकटीचे आहेत. एखादा साप विषारी आहे की नाही हा एक प्रश्न. तो आपल्या अंगणात वर्षातून किती वेळा निघतो हा अगदी दुसरा. ल्योंच्या तज्ज्ञांनी पहिल्याचे उत्तर दिले. दुसऱ्यासाठी आरोग्य संघटनेने त्याच वेळी जगभरच्या रोगभाराचा एक अंदाज सांगितला होता: टिकविलेल्या मांसामुळे वर्षाला सुमारे ३४ हजार कर्करोगमृत्यू, आणि तंबाखूमुळे सुमारे १० लाख. ताज्या तांबड्या मांसाबाबत, दोष सिद्ध झालाच तर, ५० हजार. वाचकांनी हा ५० हजारांचा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आकड्याची पारख करण्याचा एक जुना उपाय असा, की तो जिथे घडला त्या गावाबाहेर नेऊन त्यास उभे करावे. आम्ही तो धूलकोटला नेतो.

धूलकोट हे बुऱ्हाणपूर जिल्ह्यातले, सातपुड्याच्या कुशीतले गाव. बुऱ्हाणपूर आपल्यापैकी पुष्कळांस मुमताज महलच्या मृत्यूमुळे, ताप्तीच्या घाटांमुळे, केळीमुळे आणि यंत्रमागांच्या खडखडाटामुळे ठाऊक असते. शहर सोडून डोंगराकडे वळले, की केळीची हिरवाई संपते आणि बारेला, भिलाला, कोरकू लोकांची वस्ती सुरू होते. इथले जेवण म्हणजे ज्वारी-मक्याची भाकर, तुरीचे वरण, तिखट, आणि ऋतूप्रमाणे रानभाजी. मांस आहे, पण ते रोजचे नाही. ते बाजाराच्या दिवसाचे आहे, होळीच्या आधीच्या भगोरियाचे आहे, लग्नाचे आहे, देवाला कबूल केलेल्या बोकडाचे आहे. बोकड घरचा असेल तर एरवी तो मांस नव्हेच. तो अडीनडीला विकावयाचा ठेवा आहे. आजारपण निघाले, बियाणे घ्यावयाचे झाले, की तो बाजाराची वाट धरतो आणि दुसऱ्याच कोणाच्या पातेल्यात जातो.

आता हिशेब करू. समजा, सहा माणसांचे एक घर आहे आणि ते दर पंधरवड्याच्या बाजाराला एक किलो मटण घेते. (आमच्या मते हा अंदाज सढळच आहे, पुष्कळ घरांस तो परवडणार नाही.) हाडे वजा जाता पाऊण किलोच्या आत मांस राहिले. सहा जणांत वाटले तर प्रत्येकी सव्वाशे ग्रॅमच्या आत. पंधरा दिवसांवर पसरले तर दिवसाला सुमारे ८ ग्रॅम. शंभर ग्रॅमला १७ टक्के, तर आठ ग्रॅमला दीड टक्क्याच्याही आत. पण हे दीड टक्के कशाचे? इथेच सगळे घोडे पेंड खाते. टक्के नेहमी कशाचे तरी असतात. अमेरिकेत जन्मभरात शंभरांपैकी सुमारे ४ जणांस हा रोग होतो. दहा हजारांचे ४००. ते सर्व जण रोज १०० ग्रॅम जास्त मांस खाऊ लागले आणि दोष सर्वस्वी मांसाचाच निघाला, तर ४०० चे ४६८ होतील. हे ६८ लोक थोडे नव्हेत. कोणत्याही सरकारने त्यांची काळजी करावी. भारतात नोंदींवरून दिसणारे प्रमाण पुष्कळच कमी आहे, ढोबळमानाने वयाच्या पंच्याहत्तरीपर्यंत दोनशेत एक. म्हणजे दहा हजारांत ५०. त्यांवर धूलकोटचे दीड टक्के चढविले तर होतात पावणेएक्कावन्न. दहा हजारांच्या मागे एक पुरा माणूसही नव्हे. तोच १७ चा आकडा एका देशात अडुसष्ट माणसे उभी करतो आणि दुसऱ्या गावात एकही करीत नाही.

यावर एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, भारतातील प्रमाण कमी दिसते ते रोग कमी म्हणून, की नोंद कमी म्हणून? प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात कर्करोगाची पद्धतशीर मोजणी १९६३ मध्ये मुंबईस सुरू झाली, ती इंडियन कॅन्सर सोसायटीच्या नोंदणीखात्यामुळे. खेड्यांतील मोजणी त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९८७ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे. बार्शीच्या लोकांनी तेव्हा एक शहाणपणाचे काम केले. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट न पाहता त्यांची माणसे गावोगाव फिरली, लोकांस लक्षणे समजावून सांगितली आणि संशयित रुग्णांस तपासणीस आणले. तरीही आतड्याचा कर्करोग तेथे थोडाच आढळला. तेव्हा कमी दिसण्यात काही भाग खरोखरच कमी असण्याचा आहे. पण धूलकोटसारख्या डोंगरी गावात कोण कशाने गेले, हे ठरविणे आजही अवघडच. डॉक्टरने कारण लिहून दिलेल्या मृत्यूंचे प्रमाण २०२० सालच्या नोंदीत सबंध देशातच सुमारे साडेबावीस टक्के होते. बाकीच्यांच्या मृत्यूचे कारण ‘पोट दुखत होते’, ‘अन्न जात नव्हते’ एवढ्यावर राहते. म्हणजे आपल्या गुणाकारातील पहिला आकडा परदेशांतला आणि दुसरा अर्धवट दिसणारा. गुणाकार बरोबर असूनही उत्तर भरवशाचे नाही.

आणि माणूस खातो किती, हे तरी कोठे ठाऊक असते? मांसाविषयीचे जे मोठे अभ्यास आहेत, त्यांपैकी सर्वांत नावाजलेला अमेरिकेतील परिचारिकांचा. तो १९७६ मध्ये ११ राज्यांतील १ लाख २१ हजार ७०० परिचारिकांवर सुरू झाला आणि १९८० पासून त्यांच्याकडून आहाराच्या प्रश्नावल्या भरून घेण्यात येऊ लागल्या. प्रश्नाचा घाट असा, की गेल्या वर्षात अमुक पदार्थ सरासरी किती वेळा खाल्लात? महिन्यातून एकदा, आठवड्यातून एकदा, दोन ते चार वेळा, रोज? ज्या समाजात सोमवारच्या आणि गुरुवारच्या ताटात फरक नसतो, तेथे हा प्रश्न चालून जातो. आता तोच प्रश्न आपल्या मराठी घरात विचारून पाहावा. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी, चतुर्थी वेगळ्या. श्रावण संपूर्ण बंद, कोणाकडे चातुर्मासच बंद. आणि आषाढाच्या अखेरीस मात्र गेल्या-पुढच्या सर्वांची भरपाई. या घरातील गृहिणीस ‘सरासरी’ विचारणे म्हणजे ताप्तीस सरासरी पाणी किती, असे विचारण्यासारखे आहे. वैशाखात विचाराल तर एक उत्तर, पुराच्या दिवसांत दुसरे. धूलकोटला तर वेळेचे मापच महिन्याचे नाही, बाजारापासून बाजारापर्यंतचे आहे. शिवाय वाटा घेणारा माणूस ग्रॅम सांगेल कसा? त्याने घेतला तो ढीग, त्यात हाडे किती नि आतडी किती हे पातेल्यालाच ठाऊक.

आपल्या सरकारी पाहणीचेही यात काही फार वेगळे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-पुरुषांस विचारतात, की कोंबडी किंवा मांस तुम्ही रोज, आठवड्यातून, कधीमधी खाता, की कधीच नाही? कोंबडी आणि बोकड एकाच चौकटीत. ज्या मांसाच्या रंगावरून जगभर एवढे रण माजले आहे, तो रंगच आपल्या चौकटीत उतरत नाही. आणि ‘कधीमधी’ या शब्दात धूलकोटचे सगळे गाव मावते. त्यात वर्षातून दोनदा खाणारा आहे आणि दर बाजाराला खाणाराही आहे.

बरे, मोजणी अचूक झाली असे धरले, तरी तुलना कोणाशी करावयाची हा प्रश्न राहतोच. अमेरिकेत जो फार मांस खातो, तो सरासरीने धूम्रपानही अधिक करतो, हालचाल कमी करतो, भाजीपाला कमी खातो, वजनाने जड असतो. संशोधक गणिताने ही कारणे वेगळी काढण्याचा प्रयत्न करतात. पण एकत्र वाटलेल्या चटणीतून मीठ वेगळे काढण्याइतकेच ते सोपे. आशियात चित्र उलटते. २०१३ मध्ये बांगलादेश, चीन, जपान, कोरिया, तैवान या देशांतील जवळजवळ तीन लाख लोकांच्या पाहण्या एकत्र करण्यात आल्या. तेथे तांबडे मांस अधिक खाणाऱ्या पुरुषांत हृदयविकाराने, आणि स्त्रियांत कर्करोगाने, मृत्यू कमी आढळले. म्हणून मांस हे औषध ठरले काय? मुळीच नाही. त्या देशांत ज्याच्या ताटात मांस अधिक, त्याच्या घरी पैसा अधिक, डॉक्टर जवळ, पाणी स्वच्छ. पाश्चात्त्य ताटात मांसाच्या माथी इतरांचे दोष बसतात आणि आशियाई ताटात इतरांचे गुण त्याच्या पदरात पडतात. मांसाचा स्वतःचा म्हणून काय तो गुणदोष, तो या दोहोंच्या मध्ये कोठेतरी दडलेला आहे. भारतासह २१ देशांतील १ लाख ३४ हजारांवर लोकांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत ताज्या तांबड्या मांसाचा मृत्यूशी वा हृदयविकाराशी ठळक संबंध दिसला नाही. टिकविलेल्या मांसाचा मात्र दिसला. हा भेद वाचकांनी विसरू नये.

आता या सगळ्या प्रकरणातील सर्वांत चमत्कारिक भाग. जगात कोणत्या कारणाने किती माणसे मरतात, याचा प्रचंड हिशेब अमेरिकेत सिएटल येथील एक संस्था ठेवते. देशोदेशींची सरकारे तो वाचून धोरणे आखतात. वर आलेले ३४ हजार आणि ५० हजारांचे अंदाजही याच रोगभाराच्या हिशेबाच्या आधीच्या आवृत्तीतून घेतलेले. या संस्थेच्या २०१७ सालच्या हिशेबात ताज्या तांबड्या मांसापायी जगभर झालेले मृत्यू होते सुमारे २५ हजार. २०१९ सालच्या हिशेबात ते झाले ८ लाख ९६ हजार. दोन वर्षांत छत्तीसपट! या अवधीत जगाने छत्तीसपट मांस खाल्ले नव्हते. कोणतीही साथ आली नव्हती. बदलले होते ते हिशेबाचे नियम. मांसाशी जोडावयाचे रोग नव्याने ठरविण्यात आले. आणि ‘किमान धोक्याची रेषा’, म्हणजे जिच्या खाली खाणे निर्धोक धरावयाचे ती रेषा, आधी दिवसाला सुमारे २३ ग्रॅमवर होती ती शून्यावर आणून ठेवण्यात आली.

आमच्या आठ ग्रॅमचे काय झाले ते पाहावे. २०१७ च्या नियमाने धूलकोटचे ते सहा माणसांचे घर रेषेच्या खाली, सुरक्षित. २०१९ च्या नियमाने तेच घर, तेच पातेले, तोच बोकड, रेषेच्या वर आणि धोक्याच्या यादीत. गावात कोणास पत्ताही नाही. २०२२ मध्ये आयर्लंडमधील ॲलिस स्टँटन आणि इतर संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकात पत्र लिहून या छत्तीसपटीचा पुरावा मागितला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सिएटलच्याच संस्थेने पुराव्याचे बळ ताऱ्यांनी मोजण्याची नवी पद्धत प्रसिद्ध केली. तीत ताज्या तांबड्या मांसाच्या दोषास पाचांपैकी जास्तीत जास्त दोन तारे मिळाले, म्हणजे पुरावा दुबळा. आपल्याच जुन्या आकड्याला आपल्या हाताने दोन तारे देणे यात एक प्रामाणिकपणा आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पण मधल्या काळात तो नऊ लाखांचा आकडा किती अहवालांत, किती भाषणांत जाऊन बसला असेल! आकडा मागे घेता येतो, भाषण मागे घेता येत नाही.

विद्वानांतील भांडण त्याआधीच पेटले होते. २०१९ च्या ऑक्टोबरात कॅनडातील काही संशोधकांच्या पुढाकाराने १४ जणांच्या एका मंडळाने सर्व पुरावा नव्याने तोलून पाहिला. त्यांपैकी ११ जणांनी कौल दिला, की लोकांनी आज खातात तितके मांस खात राहावे. कारण कमी करण्याचा फायदा फार लहान आणि पुरावा फार कच्चा. कौलास त्यांनी स्वतःच ‘दुबळी शिफारस’ असे नाव दिले. हार्वर्डच्या बाजूने एकच गदारोळ उडाला. लेख छापण्यापूर्वीच थांबवा, अशीही मागणी झाली. पुढे त्या मंडळाच्या प्रमुखाच्या आधीच्या एका, साखरेविषयीच्या, कामास अन्नउद्योगाशी निगडित संस्थेचा पैसा मिळाला होता, हेही बाहेर आले. दुसऱ्या पक्षातील कित्येकांची सारी कारकीर्द प्रश्नावल्यांवर उभी, हे तर सर्वांस ठाऊकच होते. सामान्य वाचकाने कोणाच्या हाती आपला तराजू द्यावा? आमचे मत विचाराल तर कोणाच्याच देऊ नये. टिकविलेल्या मांसाविषयीचा पुरावा आम्हांस पटतो. ताज्याविषयीचा, आपल्या देशातील थोड्या प्रमाणापुरता, पटत नाही. आणि ज्याच्या घरी आजही रोज पाव किलो मटण शिजते, त्याने या लेखाचा आधार घेऊ नये. त्याचा हिशेब धूलकोटचा नाही, बोस्टनचा आहे.

हे सारे आम्ही एवढ्या विस्ताराने का लिहितो? केवळ खवय्यांच्या मनाचे समाधान करण्यासाठी नव्हे. तराजूचे दुसरे पारडे कोणी पाहत नाही, म्हणून. २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. पाच वर्षांखालील मुलांत, सहा महिन्यांच्या तान्ह्यांपासून धरून, ७२.७ टक्के. सातपुड्याच्या पट्ट्यात त्याला सिकल सेलचीही जोड आहे, तेव्हा सगळा दोष लोहाच्या उणिवेचा नव्हे आणि गोळ्यांची जागा मटणाने भरून निघत नाही, हेही खरे. तथापि ज्वारी-मक्यातील लोह शरीरात फार थोडे मुरते आणि मांसातील लोह त्याहून पुष्कळच सुलभतेने, यावर कोणाचाही वाद नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने पुणे व आसपासच्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की त्यांपैकी ६७ टक्क्यांत ‘ब-१२’ या जीवनसत्त्वाची उणीव होती. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नाही. दूध, अंडी, मासे, मांस यांतच आहे. उणीव सर्वाधिक निघाली ती खाऊनपिऊन सुखी असलेल्या वर्गात, हे पाहून त्या वेळी पुष्कळांच्या भुवया उंचावल्या.

आता सिएटलच्या वहीकडे परत वळू. तीत ‘तांबडे मांस अधिक’ असे एक खाते आहे. ‘तांबडे मांस अपुरे’ असे खाते नाही. रक्तक्षयाची नोंद होते, पण ती दुसऱ्याच पानावर. एका पानावरचे नुकसान मांसाच्या नावे पडते आणि दुसऱ्या पानावरचा लाभ कोणाच्याच नावे जमा होत नाही. ज्या सावकाराच्या वहीत फक्त नावे असते आणि जमा नसते, त्याच्याविषयी आपले आजोबा काय म्हणत, ते सांगावयास नको.

तुलनेचाही एक मुद्दा येथे येतो. बोस्टनमध्ये मांस सोडणारा माणूस त्याच्या जागी अक्रोड, सोयाबीन, ताजी फळे घेऊ शकतो. त्या बदलामुळे त्याचे आरोग्य सुधारले तर नवल नाही. धूलकोटच्या बाजारात बोकडाचा वाटा न घेता परतणारी बाई त्या पैशांत काय आणील? डाळ आणली तर उत्तमच. पण त्याच बाजारात पाच-पाच रुपयांच्या चमकदार पुड्यांच्या माळाही टांगलेल्या असतात, आणि कडेवरचे पोर त्यांच्याकडेच हात करते. ‘मांस कमी करा’ असे सांगणाऱ्याने त्याच वाक्यात ‘त्याच्या जागी अमुक घ्या’ असेही सांगितले पाहिजे, आणि ते अमुक त्या बाजारात, त्या पैशांत मिळाले पाहिजे.

आपल्या घरांतील गोष्टही फारशी निराळी नाही. परप्रांतातील अनेक मराठी घरांत आम्ही असे पाहिले आहे, की कर्करोगाच्या भयाने सासऱ्यांचे मटण बंद होते आणि पंक्तिप्रपंच नको म्हणून सर्वांचेच बंद होते. त्यात बाळंतपणातून उठलेली, ओठ पांढरे पडलेली सूनही येते. सासरे सत्तरीचे, वजनदार, तीस वर्षे तंबाखू खाल्लेले. सून पंचविशीची. दोघांस एकच १७ टक्के लावणे हे कोणत्या गणितात बसते? आणि गंमत अशी, की त्याच घराच्या शीतकपाटात मुलांच्या डब्यासाठी सॉसेजचे पाकीट निर्धास्त पहुडलेले असते, कारण ते ‘मटण’ नव्हे. ल्योंच्या तज्ज्ञांनी ज्यास पहिल्या गटात घातले ते घरात राहिले, आणि ज्याविषयी त्यांनी ‘जर’ म्हटले ते बाहेर गेले.

शाकाहारी वाचकांस या चर्चेत आपण कोठे बसतो असा प्रश्न पडला असेल. ज्याने धर्मासाठी, दयेसाठी किंवा घरच्या रीतीसाठी मांस वर्ज्य केले, त्याच्या निश्चयास आकड्यांच्या टेकूची गरज नाही. आकडा उद्या बदलला तर निश्चयही बदलावयाचा काय? त्याने फक्त ब-१२ ची तपासणी करवून घ्यावी आणि दूध-दही सोडू नये.

धूलकोटचा खरा हिशेब कोणी करावयाचा म्हटले, तर तो अशक्य नाही. बारेली जाणणारी एखादी गावचीच शिकलेली मुलगी, हातात वजनकाटा, आणि वर्षातून निदान चार फेऱ्या: एक भर पावसात, एक दिवाळीनंतर, एक भगोरियाच्या आठवड्यात, एक लग्नसराईत. पातेल्यात पडण्यापूर्वी वाट्याचे वजन घ्यावयाचे, जेवणानंतर हाडांचे घ्यावयाचे. कोणाच्या ताटात किती पडले हे पाहावयाचे, कारण पुरुषांच्या आणि पोरांच्या पंक्ती उठल्यावर बाईच्या वाट्यास बहुधा रस्साच उरतो. सोबत प्रत्येकाच्या बोटातले एक थेंब रक्त. सरकारी पाहणीच्या कागदावर कोंबडी आणि बोकड यांच्या चौकटी वेगळ्या केल्या, तर निम्मे काम फुकटातच होईल.